मागच्या सीटचे मार्क

मी मोटारसायकली चालवून त्यांच्याबद्दल लिहितो. कंपनीने दिलेली गाडी चार दिवस वापरायची, तिच्या तोडीच्या दुसऱ्या गाड्यांशी तुलना करायची, मार्क द्यायचे आणि गाडी धुऊन परत करायची. एवढंच काम. हे ऐकलं की समोरच्याचे डोळे चमकतात आणि तो म्हणतो, तुमची काय बुवा मजा आहे. सुरुवातीची काही वर्षं मीही हो म्हणायचो. आता अठरा वर्षं झाली. कमरेला पट्टा बांधून भर दुपारी शिळफाट्याला अडकलेला असताना, उजव्या पोटरीवर इंजिनाची धग येत असताना, यातली मजा नेमकी कुठे आहे हे कोणी मला दाखवून दिलं तर बरं होईल.

त्यातून हल्ली या ॲडव्हेंचर गाड्यांचं खूळ आलंय. उंच, रुंद, पुढे चोच काढलेली, दोन्ही बाजूंना पेट्या अडकवता येतील अशी गाडी. जाहिरातीत ती बर्फातून जाते, नदीतून जाते. आमच्याकडे ती डोंबिवलीहून ठाण्याला जाते. घेणारा माणूस शनिवारी सोसायटीच्या गेटपाशी ती पुसत बसतो आणि सोमवारी बायकोला मागे बसवून तिला ऑफिसला सोडतो. मी त्याला हसत नाही. खड्ड्यांमधून जायला अशी गाडी बरी पडते, हे मीच शंभर वेळा लिहिलंय. तेच तेच लिहून कंटाळा आलाय, एवढंच.

माझ्या लिखाणात वाचण्यासारखं काही असेल तर ते मी लिहिलेलं नसायचं. प्रत्येक लेखाच्या शेवटी 'मागची सीट' नावाचा एक चौकोन असायचा. त्यात तीन-चार वाक्यं आणि दहापैकी मार्क. ती वाक्यं माझ्या बाबांची.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. बरीचशी नोकरी कोकणात झाली, शेवटची काही वर्षं ठाण्यात, खोपटच्या आगारातून. निवृत्त झाल्यावर दहा-बारा वर्षं बरी गेली. मग आई गेली, आणि बाबा हॉलमधल्या खुर्चीत बसले ते उठेनात. कट्ट्यावर जात नाहीत, देवळात जात नाहीत, कोणाच्या लग्नाला जात नाहीत. बायको म्हणाली, त्यांना कुठेतरी ने. मी कुठे नेणार? माझ्याकडे दर आठवड्याला दुसऱ्याची गाडी असायची, म्हणून एका रविवारी त्यांना म्हटलं, बाबा, या गाडीची मागची सीट कशी आहे ते मला कळत नाही, जरा बसून सांगता का? कामाचं म्हटल्यावर ते उठले. इस्त्रीचा शर्ट घातला आणि खाली आले.

तेव्हापासून सहा वर्षं हाच नेम. गाडी आली की पहिल्या सकाळी आम्ही दोघं निघायचो. काटई नाक्यावरून खोणी, खोणीवरून नेवाळी, तिथे टपरीवर चहा, आणि परत. या रस्त्यावर गुळगुळीत काँक्रीट आहे, उखडलेलं डांबर आहे, मलंगगडाच्या बाजूला वळलं की कच्चाही आहे. बाबा मला धरायचे नाहीत. दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर. गाडी चालू असताना एक शब्द बोलायचे नाहीत, ड्रायव्हरशी बोलू नये या पाटीखाली त्यांचा जन्म गेलेला. परत आल्यावर गाडीभोवती एक फेरी मारायचे, चाकांना हात लावून बघायचे आणि मग निकाल. एका फार गाजलेल्या गाडीबद्दल ते म्हणालेले, "ही मागे बसलेल्याला माणूस समजत नाही, पार्सल समजते." मी ते जसंच्या तसं छापलं. माझी पानभर माहिती सोडून लोकांनी तेवढंच एकमेकांना पाठवलं. वाचक त्यांना 'मागच्या सीटवाले काका' म्हणायला लागले. बाबांना मी हे वाचून दाखवलं की ते "हं" म्हणायचे आणि चष्मा पुसायचे. महिन्यातून तीन-चार सकाळी ते घराबाहेर पडत, त्या याच. बाकी सगळा वेळ खुर्ची.

गेल्या वर्षी दिवाळी नुकतीच संपलेली. आमच्या वेबसाइटचं ऑफिस कोलशेतला आहे, खाडीकडे तोंड करून बांधलेल्या एका काचेच्या इमारतीत. तिथली संपादक माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मला 'सर' म्हणते आणि माझी वाक्यं कापते, दोन्ही आदराने. तिने तीन ॲडव्हेंचर गाड्यांची तुलना करायला सांगितली. लाल, काळी आणि वाळूच्या रंगाची. "आणि सर, जी जिंकेल ती सहा महिने तुमच्याकडेच राहील. दर महिन्याला तिचा अनुभव लिहायचा."

सहा महिने एकच गाडी, हे ऐकून मला बरं वाटलं. दर आठवड्याला नव्या क्लचची सवय करून माझा डावा हात बधिर व्हायला लागलेला.

काळी पहिली आली. तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गाडी चांगली, पण ट्रॅफिकमध्ये इतकी तापायची की माणकोलीच्या पुलावर वाऱ्याला लागल्यावरच जीवात जीव यायचा. बाबांचा निकाल एका वाक्यात आला, "थंडीत घ्यावी आणि थंडीतच विकावी."

लाल दुसरी. तिघींत ठेंगणी. माझे दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकायचे, गर्दीत वळवायला सोपी, दिसायला झकास. बाबा सहज चढले. पण नेवाळीच्या अलीकडे उखडलेला पट्टा लागला तसं मागून मला त्यांचा श्वास ऐकू यायला लागला, प्रत्येक खड्ड्याला एक हुंकार. टपरीवर ते चहाचा ग्लास घेऊन उभेच राहिले. बसा म्हटलं तर म्हणाले, "नको. ह्या गाडीने बसायची हौस फेडलीय." घरी आल्यावर निकाल दिला, "मागे बसलेल्याची कंबर काढते. चार मार्क."

मग वाळूच्या रंगाची आली. मी तिला माजिवड्याहून डोंबिवलीपर्यंत आणली आणि घरी पोचेपर्यंत मला कळलं की हीच. इतक्या वर्षांनी असं क्वचित होतं. खड्डा दिसायचा, कळायचा, पण लागायचा नाही. कमरेचा पट्टा मी काटई नाक्यावर सैल केला, तो घरी येईपर्यंत आवळला नाही. फक्त ती उंच होती. मला एकाच पायाच्या चवड्यावर तोल सांभाळायला लागायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा हेल्मेट घेऊन खाली आले. मी गाडीवर बसलेला. त्यांनी डावा पाय फूटरेस्टवर ठेवला, माझा खांदा धरला आणि उजवा पाय उचलला. तो सीटला आपटला आणि खाली आला. पुन्हा उचलला, पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा त्यांनी सगळा भार माझ्यावर टाकला तशी गाडी कलली. ती मी कशीबशी धरली, आणि माझ्या पाठीतून कळ गेली ती थेट टाचेपर्यंत. वॉचमन धावत आला. बाबा दोन पावलं मागे सरकून उभे होते. पँटच्या मांडीवर सीटची धूळ लागलेली, ती झटकत होते.

"आज खुबा धरलाय जरा," ते म्हणाले. "तू जाऊन ये."

मला तेव्हा भीती वाटली. पाठ विसरलो. आज हा माणूस वर जाऊन खुर्चीत बसला तर परत उठायचा नाही, एवढंच डोक्यात आलं. मी गाडी बिल्डिंगच्या पायऱ्यांना चिकटवून लावली. "बाबा, वरच्या पायरीवरून बसा." ते बसले. निघालो.

नेवाळीला टपरीसमोर गाडी थांबवली आणि माझ्या लक्षात आलं की इथे पायरी नाही. चढणं जितकं कठीण, उतरणं त्याहून. बाबांनी एकदा पाय उचलून बघितला, मग परत नीट बसले. म्हणाले, "इथेच दे चहा." मी स्टँड लावून चहा आणला आणि त्यांनी तो त्या उंच सीटवर बसून प्यायला. टपरीवरची दोन-तीन माणसं कौतुकाने बघत होती. एकाने तर, "काका, एकदम हिरो!" म्हणून फोटोही काढला. बाबा हसले. मीही हसलो. दोघांनाही ठाऊक होतं की त्यांना खाली उतरता येत नाहीये.

घरी पायरीवर उतरवलं. त्यांनी फेरी मारली, चाकांना हात लावला. निकाल द्यायला नेहमीपेक्षा वेळ घेतला. "सीट रुंद आहे. खड्डा कळतो, लागत नाही. तिघींत हीच. नऊ मार्क." आणि मग भिंत धरून लिफ्टकडे गेले.

लेख लिहायला बसलो ते दमूनच. पाठ दुखत होती, त्यावर गोळी घेतलेली. मी कारणं सांगत नाहीये, फक्त कसं झालं ते सांगतोय. वाळूच्या रंगाची गाडी जिंकली तर सहा महिने ती दारात राहणार होती, आणि सहा महिने बाबांचा पाय तिच्यावरून जाणार नव्हता. तोवर दुसऱ्या गाड्याही येणार नव्हत्या. म्हणजे सहा महिने नेवाळी नाही, चहा नाही, इस्त्रीचा शर्ट नाही. पंचाहत्तरीच्या माणसाचे सहा महिने.

मी लिहिलं, 'मागची सीट गैरसोयीची उंच आहे. चढणं-उतरणं त्रासदायक. पाच मार्क.' लाल गाडीसाठी लिहिलं, 'मागची बाजू किंचित कडक, पण चढायला-उतरायला सोपी. आठ मार्क.' बेरीज केली. लाल जिंकली. एका माणसाच्या खुब्याचा दोष मी गाडीच्या अंगावर टाकला, आणि तोही त्याच माणसाच्या नावाच्या चौकोनात. अठरा वर्षांत खोटं कधी लिहिलं नव्हतं. कंपन्यांनी काय काय देऊ केलं तरी नाही. आणि लिहिलं ते असं. त्या संध्याकाळी मला शांत वाटलं, हेही सांगितलं पाहिजे.

लेख आला, लाल गाडी दारात आली. बाबा वेबसाइट स्वतःहून कधी उघडत नसत, मीच वाचून दाखवायचो. या वेळी मी टाळलं. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी आलो तर ते मोबाइलवर अक्षरं मोठी करून वाचत बसलेले.

"हे मी बोललेलो?" त्यांनी विचारलं.

"बाबा, ते जरा... सगळ्याच वाचकांचा विचार करावा लागतो. वयस्कर माणसं पण बसतात मागे."

"मी विचारलं, हे मी बोललेलो का?"

"नाही."

त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. लेखाखाली कल्याणच्या कोणीतरी लिहिलं होतं, आईला मागे बसवून दर महिन्याला गावी न्यायचं असतं, वाळूच्या रंगाची घेणार होतो, पण काकांनी सांगितलंय म्हणजे प्रश्नच नाही, लाल नक्की.

"ह्याची आई महिन्याच्या महिन्याला गावी जाणार. लाल गाडीवर," बाबा म्हणाले. "आणि काकांनी सांगितलंय."

मी शूज न काढताच बसलो. माझी ओरडा खायची तयारी होती. पण ते ओरडले नाहीत. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मी आयुष्यात ऐकली नव्हती.

एसटीत ड्युटी संपली की ड्रायव्हरने गाडीच्या तक्रारी वहीत लिहायच्या. ब्रेक ओढतो, हॉर्न वाजत नाही, जे असेल ते. ती वही वाचूनच वर्कशॉप गाडी आत घेतं. बाबा तेव्हा कोकणात होते, पन्नाशीला आलेले. डावा गुडघा दुखायचा. संध्याकाळी त्यांना वस्तीची गाडी न्यायची असायची, म्हणजे आतल्या गावी जाऊन तिथेच मुक्काम करून सकाळी परत येणारी. घाटातला रस्ता, क्लच दाबून दाबून गुडघा सुजायचा. पाय दुखतो म्हणून सांगायची त्यांना लाज वाटली. एका दुपारी त्यांनी वहीत लिहिलं, क्लच जड आहे.

"गाडी आत गेली. दुसरी गाडी नव्हती. वस्तीची फेरी रद्द," बाबा म्हणाले. "मी आपला खोलीवर येऊन पाय शेकत बसलेलो. त्या फेरीला हायस्कूलची पोरं असायची, शेवटच्या गावची. ती चालत गेली. घाटातनं. मला दुसऱ्या दिवशी कळलं. मेकॅनिकने मला बाजूला घेतलं, बोलला, मास्तर, क्लच लोण्यासारखा आहे हो. बाकी काय बोलला नाय. कोणाला सांगितलं पण नाय त्याने."

"पोरांना काही झालं का?"

"काय नाय झालं. पण झालं असतं तर? आणि तू काय ते विचारतोयस? गाडी बोलत नाय, म्हणून तिच्या नावावर लिहायचं?" ते पहिल्यांदाच चिडले. "सरळ लिही, म्हाताऱ्याचा पाय वर जात नाय. त्यात लाज कसली? मला नाय वाटत आता. तुला वाटते."

मला लाज वाटत नव्हती. मला भीती वाटत होती. पण ते मला त्यांच्या तोंडावर सांगता आलं नाही, आणि त्यांना ते माहीत नव्हतं असंही नाही.

सकाळी संपादकाला फोन करून सांगितलं, मागच्या सीटचे मार्क चुकीचे छापलेत. ती म्हणाली, "सर, टायपो आहे का? मी बदलते."

"टायपो नाही. मी खोटं लिहिलंय."

तिने सगळं ऐकून घेतलं. कुठेही कापलं नाही. त्या दिवशी लेखाच्या वर दुरुस्ती लागली. मागच्या सीटचा मजकूर बाबांनी स्वतः सांगितला, मी टाइप केला. 'वाळूच्या रंगाच्या गाडीची मागची सीट नऊ मार्कांची आहे. लाल गाडी कंबर काढते, चार मार्क. मागे बसणाऱ्याचं वय पंचाहत्तर आहे आणि त्याचा खुबा गेलेला आहे. तो गाडीचा दोष नाही. आधी छापलेलं चुकीचं होतं.' कल्याणच्या त्या माणसाला मी वेगळं कळवलं. लाल गाडीचे पैसे त्याने अजून भरले नव्हते. सहा महिन्यांनंतरचे जे दोन तुलनालेख माझ्याकडे यायचे होते ते दुसऱ्याला गेले, आणि त्यात तक्रार करण्यासारखं काही नव्हतं.

लाल गाडी परत गेली आणि वाळूच्या रंगाची सहा महिन्यांसाठी आली. पहिल्या सकाळी बाबा माझ्याबरोबर खाली उतरले. हातात हेल्मेट नव्हतं. त्यांनी तिच्याभोवती फेरी मारली, चाकांना हात लावला. मी म्हटलं, "पायऱ्यांजवळ घेऊ का?"

"आणि उतरायला? मला रोज काय वरच चहा देणार आहेस?" ते म्हणाले. "जा तू. काम कर."

मी गेलो. काटई, खोणी, नेवाळी. टपरीवाल्याने विचारलं, काका कुठे? मी म्हटलं, घरी आहेत. एकच चहा घेतला. रस्ता तोच, गाडी या जन्मात चालवलेल्या गाड्यांमधली सगळ्यात चांगली, आणि मला घरी जाऊन नुसतं आडवं पडावंसं वाटत होतं.

दुपारी वही घेऊन त्यांच्याजवळ बसलो. ते खुर्चीत होते. पहिल्या महिन्याच्या अहवालासाठी पहिल्या दिवसाची नोंद करायची होती. इंजिन, ब्रेक, ॲव्हरेज, सगळं लिहून झालं, आणि मी नेहमीसारखं विचारलं, "बाबा, मागच्या सीटचं काय लिहू?"

"आज मागे कोण बसलेलं?"

"कोणीच नाही."

"मग मागच्या सीटचं लिहू नकोस," ते म्हणाले.